बाळ झोपतं, आई जागीच असते

प्रश्न मुलुंडच्या एका सासूबाईंचा आहे. थोडक्यात असा: "सून ११ आठवड्यांची बाळंतीण आहे. पहिलीच मुलगी. बाळंतपण सांगलीला माहेरी झालं, दोन आठवड्यांपूर्वी मुंबईला आली. बाळाचं सगळं वेळच्या वेळी करते, स्वतःचं काहीच करत नाही. बोलत नाही, दोन घास खाऊन उठते. परवा रात्री दोनला मी पाणी प्यायला उठले. बाळ गाढ झोपलेलं, मुलगा झोपलेला आणि ही अंधारात पलंगाच्या कडेला बसलेली. डोहाळजेवणाला फुलांचे दागिने घालून झोपाळ्यावर बसवलं, तेव्हाही फोटोपुरती हसली होती. सगळे म्हणतात बाळंतपणात असं होतंच. मला तसं वाटत नाही. पण मी पडले सासू, मी विचारलं तर तिला टोमणा वाटेल. हे नैराश्य आहे का, ते ओळखायचं कसं आणि मी काय करू? माझ्या पहिल्या बाळंतपणात मीही वर्षभर अशीच होते. तेव्हा कोणाला कळलं नव्हतं."

तुमचं रात्री दोनचं वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं. पंचवीसेक वर्षं मी मुंबईत मानसोपचार करते आहे आणि समोर बाळंतीण बसली की माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो: बाळ झोपलं की तुला झोप लागते का? नव्या आईची झोप मोडलेली असतेच. पण नुसती थकलेली बाई मिळेल तिथे झोपते. ताटावर बसल्या बसल्या डुलक्या काढते, केस विंचरता विंचरता झोपते. नैराश्य आलेल्या आईचं तसं होत नाही. बाळ दुसऱ्याकडे आहे, दार लोटलेलं आहे, पंखा चालू आहे, तरी डोळे उघडे. किंवा कसाबसा डोळा लागतो आणि पहाटे चारला छातीवर धोंडा ठेवल्यासारखी जाग येते. झोपायला मिळत नाही आणि मिळूनही झोप येत नाही, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तुम्ही पाहिलंत ते दुसरं होतं.

तिला न बघता मी निदान करणार नाही. पण तुम्ही जेवढं लिहिलंय तेवढ्यावर तिला याच आठवड्यात डॉक्टरांकडे न्यावं, हे मात्र नक्की सांगते.

"बाळंतपणात असं होतंच" हे म्हणणं पूर्ण खोटं नाही, म्हणूनच ते फसवतं. वार पडली की शरीरातले इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन हे हार्मोन एकदम खाली येतात. त्याच सुमारास छातीत दूध उतरतं, टाके दुखत असतात, झोप नसते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून बाईला उगाच रडू येतं, कोणी प्रेमाने बोललं तरी डोळे भरतात, घटकेत हसते आणि घटकेत चिडते. निम्म्याहून जास्त बाळंतिणींना हे होतं. पाचव्या दिवसाच्या आसपास ते सगळ्यात जास्त असतं आणि दोन आठवड्यांत आपोआप ओसरतं. त्याला औषध लागत नाही, माणसं लागतात. मात्र दोन आठवडे उलटूनही ते गेलं नाही, किंवा गेलं असं वाटून पुन्हा आलं, तर त्याला "होतंच" म्हणून सोडून द्यायचं नाही. तुमची सून ११ आठवड्यांवर आहे. तो पहिला पंधरवडा कधीच मागे पडला.

आणि डोहाळजेवणाचं तुम्ही लिहिलंत ते फार बरं केलंत. बाळंतपणानंतरचं नैराश्य असं नाव पडल्यामुळे सगळ्यांचं लक्ष बाळंतपणानंतरच्या दिवसांकडे असतं. प्रत्यक्षात यातल्या जवळजवळ निम्म्या बायकांचं दुखणं पोटात बाळ असतानाच सुरू झालेलं असतं. तेव्हा ते दिसत नाही, कारण गरोदरपणातही भूक बदलते, झोप बदलते, थकवा येतो, आणि सगळं डोहाळ्यांच्या खात्यावर जमा होतं. मग ओळखायचं कसं? शरीराकडे थोडं कमी बघायचं आणि मनाकडे जास्त. मळमळ असली तरी आंबट-चिंबट काही खावंसं वाटतं का? बाळाच्या नावाचा विषय निघाला की ती बोलते, की "तुम्हीच ठरवा" म्हणून उठून जाते? सोनोग्राफीत सगळं ठीक आलं तर तिला हायसं वाटतं, की रिपोर्ट हातात असूनही "काहीतरी वाईट होणारच" हाच घोर लागलेला असतो? बाळाच्या कपड्यांची पिशवी भरायला घेतलीच जात नाही, असं झालं का? यातलं एखादं असलं तर काही बिघडत नाही. पण बरंचसं असेल आणि दोन आठवड्यांहून जास्त दिवस, बहुतेक रोज असेल, तर गरोदरपणातच डॉक्टरांना सांगायचं. डोहाळजेवणाच्या वेळीही ती फोटोपुरतीच हसली होती, हे पहिल्या भेटीत डॉक्टरांना आवर्जून सांगा.

आपल्याकडे "मी उदास आहे" असं म्हणत फारसं कोणी येत नाही. डोकं जड झालंय, जीव घाबरा होतो, छातीत धडधडतं, अंगात त्राण नाही, हातापायांना मुंग्या येतात, कशातच मन लागत नाही, नको नको वाटतं, अशा तक्रारी घेऊन बायका येतात. घरातली मोठी माणसं त्याला बाळंतवात म्हणतात आणि कानाला आणखी एक फडकं बांधतात. म्हणून बऱ्याच जणी माझ्याकडे दुसऱ्या विभागातून डोकेदुखी नाहीतर अशक्तपणाचा कागद घेऊन पोहोचतात.

अशीच एक आली होती. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलून सांगते. हिशेबाच्या कामात होती, बाळ साडेतीन महिन्यांचं, तक्रार डोकेदुखीची. पिशवीत शंभर पानी वही. बाळाने कधी दूध घेतलं, कोणत्या बाजूला, किती मिनिटं, शू कधी, शी कधी, सगळे रकाने पट्टीने आखलेले. सासरच्यांना तिचं भारी कौतुक: "इतकी काळजी घेणारी आई आम्ही पाहिली नाही." मी वही चाळत गेले. एका रात्रीचं पान असं होतं: १:४० ला दूध, ३:१५ ला दूध. मधे चार ओळी, २:०५, २:२०, २:३५, २:५०. चारही ओळींपुढे दोनच शब्द, "श्वास ठीक". मी विचारलं, "तू झोपतेस कधी?" ती म्हणाली, "मी झोपले तर लिहिणार कोण?" तीन महिन्यांत तिला सलग दोन तास झोप नव्हती, आणि घरात कोणाच्या लक्षात आलं नव्हतं, कारण बाळाचं कुठे काही चुकत नव्हतं.

म्हणून तुमचं "बाळाचं सगळं वेळच्या वेळी करते" हे वाक्य वाचून मला हायसं वाटलं नाही. नैराश्य आलेली आई बाळाकडे दुर्लक्ष करते, असं लोक धरून चालतात. काही जणींच्या बाबतीत ते खरं असतं. बाळ रडत असतं आणि ती भिंतीकडे बघत असते, बाळ मांडीवर आहे पण "हे माझं वाटतच नाही" असं तिच्या तोंडून निघतं. पण कितीतरी जणी उलट्या टोकाला जातात. बाळाला दुसऱ्या कोणी हात लावलेला चालत नाही, बाटली चार-चारदा उकळतात, आणि आत एकच वाक्य फिरत असतं की मी वाईट आई आहे. चिडचिड हेही लक्षण आहे. नवऱ्यावर ओरडणं, भांडी आपटणं, मग बाथरूममध्ये नळ सोडून रडणं. रडणारी सून घरच्यांना आजारी वाटते, चिडणारी सून उद्धट वाटते. दोघींचा आजार एकच असू शकतो.

आणखी एक गोष्ट बायका मला दहा वेळा भेटल्यावर सांगतात, म्हणून इथे मोकळेपणाने लिहिते. काही आयांच्या डोळ्यांसमोर नको ती चित्रं येतात: बाळ हातातून निसटलं, गॅलरीतून खाली पडलं, सुरी लागली. अकराव्या-बाराव्या मजल्यावर राहणाऱ्या कितीतरी जणी गॅलरीत कपडे वाळत घालायला जाणं बंद करतात आणि कारण सांगत नाहीत. हा विचार आला की ती स्वतःच हादरते आणि बाळाला त्यापासून दूर ठेवायला धडपडते. हे चिंतेचे, मनात घुसून त्रास देणारे विचार असतात. ते आले म्हणजे तिच्या मनात तसं करायचं आहे, असं अजिबात नाही. उपचाराने ते जातात. पण तिने ते डॉक्टरांना सांगायला हवेत, आणि घरच्यांनी ऐकून तोंडावर हात मारून घ्यायचा नाही.

ज्याला थांबायला वेळ नसतो तो आजार यापेक्षा वेगळा आहे. हजारात एक-दोन बाळंतिणींना, बहुतेक वेळा पहिल्या दोन आठवड्यांत, मनाचा तोल एकदम जातो. दोन-तीन रात्री झोप नाही आणि तरी थकवा नाही, बोलणं सुटतं, असंबद्ध होतं, कानात आवाज येतात, घरची माणसं बाळाला विष देतील अशी खात्री वाटते, किंवा बाळ देवाचा अवतार आहे, नाहीतर कोणीतरी बदललेलं आहे, असं ती म्हणू लागते. सकाळी बरी दिसते, दुपारी ओळखू येत नाही. अशा वेळी दृष्ट काढत, अंगारा लावत एक दिवसही घालवू नका. बाळाला आणि तिला एकटं ठेवू नका, आणि त्याच दिवशी मोठ्या हॉस्पिटलच्या तातडीच्या विभागात न्या. १०८ ला फोन केला तर रुग्णवाहिका मिळते. तुमच्या पत्रात यातलं काही दिसत नाही. तरी हे लिहिलं, कारण हा मजकूर ज्या घरात वाचला जाईल तिथे कदाचित दहा दिवसांची बाळंतीण असेल. ज्यांना पूर्वी असा किंवा बायपोलरचा आजार झालाय, त्यांनी तर बाळंतपणाच्या आधीच मानसोपचारतज्ज्ञांना भेटून ठेवायचं.

नैराश्य कोणालाही येऊ शकतं, पण काही घरांत दार उघडं सापडतं. आधी कधी नैराश्य येऊन गेलेलं असणं, गर्भपात किंवा आधीचं बाळ गेलेलं असणं, बाळ काचेच्या पेटीत ठेवावं लागणं, पैशांची ओढाताण, नवऱ्याची मारहाण. गोव्यात डॉ. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. बाळंतपणानंतर सहा ते आठ आठवड्यांनी २३ टक्के आयांमध्ये त्यांना नैराश्य आढळलं, आणि त्यातल्या बहुतेकींचं मन गरोदरपणातच बिघडलेलं होतं. मुलगी झाल्यामुळे वाढलेला धोका आणि नवऱ्याकडून होणारी हिंसा, दोन्ही त्यात स्पष्ट दिसले. देशभरातले असे अभ्यास एकत्र करून २०१७ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या नियतकालिकात जो लेख आला, त्यातही आकडा २२ टक्क्यांच्या आसपास होता. म्हणजे साधारण पाच बाळंतिणींत एक. तुमच्या घरी मुलगी झाली आहे. तुम्ही तसं काही बोलला नसाल, तुमच्या पत्राचा सूरच तसा नाही. पण बारशाला आलेली एखादी आत्या, एखादी शेजारीण, "पुढच्या वेळी बघू" म्हणून गेली का, हे एकदा आठवून बघा. घरच्यांनी असलं वाक्य तिच्यासमोर खोडून काढलं नाही, तर ते सगळ्यांचंच मत म्हणून तिच्या मनात राहतं.

मुंबईची म्हणून एक गोष्ट आहे, ती मी वर्षानुवर्षं बघते आहे. माहेरी सव्वा महिना, दोन महिने आई असते, मालीश करणारी बाई येते, शेक-शेगडी, डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, रात्री बाळ घ्यायला मावशी नाहीतर काकू. मग एक दिवस गाडी मुंबईला येते. नवरा सकाळची लोकल पकडून जातो, तो रात्री नऊला उगवतो. दार बंद, शेजारचं दार बंद, आणि समोर दिवसाचे बारा तास. "कधीपासून असं वाटतंय?" म्हटलं की बायका तारीख सांगत नाहीत, "इथे आल्यापासून" म्हणतात. तुमच्या घरी निदान तुम्ही आहात, हे लहान नाही. आणि हेही खरं की एखादीसाठी माहेर हीच अवघड जागा असते, त्यामुळे बरी नाही म्हणून लगेच परत पाठवायचा निर्णय तिला न विचारता घेऊ नका. दुसरा अवघड टप्पा रजा संपताना येतो. २०१७ च्या दुरुस्तीनंतर कायद्याने पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा आहे, पण त्यातली काही बाळंतपणाआधीच गेलेली असते. तुमची सून नोकरी करत असेल तर पाळणाघर, दूध, लोकलची गर्दी यांचा हिशेब तिच्या डोक्यात आत्ताच सुरू झालेला असणार.

आणि तिला तपासतं कोण? बाळंतिणीची शेवटची तपासणी ४२ दिवसांच्या सुमारास होते. टाके बघतात, गर्भाशय बघतात, झालं. त्यानंतर दवाखान्यात जाणं होतं ते बाळाच्या लसीसाठी, ६, १० आणि १४ आठवड्यांना. बाळाचं वजन होतं, कार्डावर नोंद होते, पुढची तारीख मिळते. सरकारी वेळापत्रकात १४ आठवड्यांनंतरची लस थेट नवव्या महिन्यात असते. मधले महिने बाळंतिणीकडे डॉक्टर म्हणून बघणारं कोणीच नसतं. लस देणाऱ्या प्रत्येक ठिकाणी आईला दोन प्रश्न विचारले जावेत, ही माझी जुनी तळमळ आहे: गेल्या महिन्यात मन उदास, निराश असं राहिलं का? आणि ज्यात आधी आनंद वाटायचा त्यात आता वाटेनासा झालाय का? एक मिनिट लागतं. दोन्हींतलं एक उत्तर जरी "हो" आलं तरी पुढे विचारायचं असतं.

पुढे विचारायला जगभर वापरली जाते ती एडिंबरा प्रश्नावली. जॉन कॉक्स आणि सहकाऱ्यांनी ती १९८७ मध्ये तयार केली. दहा प्रश्न, गेल्या सात दिवसांबद्दलचे, प्रत्येकाला शून्य ते तीन गुण, एकूण ३०. हसू येतं का, पुढच्या गोष्टींची ओढ वाटते का, उगाच स्वतःला दोष देता का, असे प्रश्न. थकवा आणि भूक यांना तिच्यात मुद्दाम जागा दिलेली नाही, कारण बाळंतिणीत त्यावरून काही कळत नाही. १३ किंवा जास्त गुण आले तर नैराश्याची शक्यता बरीच असते, काही ठिकाणी १० पासूनच पुढची तपासणी करतात. गरोदरपणातही ती चालते. पण गुण म्हणजे निदान नव्हे, आणि दहावा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचाराबद्दलचा आहे. तिथे "कधीच नाही" सोडून कोणतंही उत्तर आलं, तर बाकीचे गुण कितीही कमी असोत, आम्ही त्याच दिवशी बोलतो.

आता तुमचा खरा प्रश्न, सासूने कसं विचारायचं.

समोरासमोर बसून विचारू नका, ती चौकशी वाटते. दुपारी दुपट्यांच्या घड्या घालायला तिच्या शेजारी बसा, किंवा तिच्या डोक्याला तेल लावायला घ्या. हात कामात असले आणि डोळ्याला डोळा नसला की माणूस बोलतं. मुलगा नको, शेजारीण नको, फोन आतल्या खोलीत. आणि सुरुवात तिच्यापासून करू नका, तुमच्यापासून करा. तुमच्याकडे जे आहे ते माझ्यासारख्या डॉक्टरकडेही नाही. "माझ्या पहिल्या वेळी मला वर्षभर काहीच गोड वाटत नव्हतं. मी कोणाला बोलले नाही. तुला कसं वाटतंय गं?" एवढंच, आणि मग गप्प राहा. ती म्हणेल, "काही नाही, बरी आहे मी." ठीक आहे म्हणा, घड्या घाला. दुसऱ्या दिवशी पुन्हा. तिसऱ्या-चौथ्या दिवशी ती बोलेल. कधी शब्द नसतात, नुसतं रडू येतं, तेही उत्तरच आहे.

"आमच्या वेळी तर..." हे शब्द तेवढे टाळा. "बाळाकडे बघ, किती गोड आहे" हेही नको. बाळ गोड आहे हे तिला दिसतंय आणि तरी आनंद होत नाही, हेच तर तिला खातंय.

ती बोलायला लागली की एक अवघड प्रश्न विचारायचाच आहे: "कधी जीव नकोसा होतो का? जीव द्यावा असं मनात येतं का?" विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. उलट कोणीतरी विचारलं, म्हणून बायकांचा कंठ फुटतो. "हो" म्हणाली तर घाबरून देवाची शपथ घालू नका, ओरडू नका. तिला एकटी सोडू नका, औषधं, फिनेल, उंदराचं औषध असल्या वस्तू हाताशी राहू देऊ नका, आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठा. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक रात्री-अपरात्रीही लागतो, मोफत आहे, मराठीत बोलता येतं. फोन तुम्हीही करू शकता. बाकी तिने सांगितलेलं सांगलीला विहीणबाईंना, नणंदेला कळवायची घाई करू नका. मुलाला सांगायचं तर तिला विचारून. जिवाला धोका असेल तेव्हाच हा नियम मोडायचा.

कुठे न्यायचं? केईएम, सायन, नायर, कूपर या पालिकेच्या मोठ्या हॉस्पिटलांत मानसोपचार विभाग आहेत, सकाळी लवकर गेलात तर केसपेपर काढून त्याच दिवशी दाखवता येतं. तिची बाळंतपणाची डॉक्टर विश्वासाची असेल तर तिथूनही सुरुवात चालेल. पहिल्या भेटीत बहुधा रक्त तपासायला सांगतील: हिमोग्लोबिन, थायरॉईड, बी-१२. ते टाळू नका. बाळंतपणानंतर काही बायकांचं थायरॉईड बिघडतं आणि त्याचं चित्र हुबेहूब नैराश्यासारखं असतं. रक्त कमी असणं तर आपल्याकडे घरोघरी आहे.

दुखणं हलकं असेल तर समुपदेशनाने, बोलण्याच्या उपचारानेच बरं होतं. मध्यम किंवा जास्त असेल तर गोळ्या लागतात, आणि इथे घरं अडतात: "अंगावर पाजते, गोळ्या कशा घेणार?" घेता येतात. सर्ट्रालिनसारखी नैराश्यावरची औषधं दुधात फारच कमी उतरतात, आणि पाजणाऱ्या आयांना ती वर्षानुवर्षं दिली जात आहेत. कोणती, किती, हे डॉक्टर ठरवतील. बाळ वेळेआधी झालेलं असेल किंवा त्याला काही आजार असेल तर आधी सांगा. बाळंतकाढा, दशमूलारिष्ट, जे काही चालू असेल तेही सांगा. दुसऱ्या कोणाच्या उरलेल्या गोळ्या मात्र देऊ नका. मानसोपचारातली काही औषधं, उदाहरणार्थ व्हॅल्प्रोएट, गरोदरपणात बाळाला घातक असतात. गोळीचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात, पहिल्या आठवड्यात "काही फरक नाही" म्हणून सोडायची नाही. बरं वाटल्यावरही निदान सहा महिने चालू ठेवतात आणि मग हळूहळू कमी करतात. या गोळ्यांची नशेसारखी सवय लागत नाही, पण एकदम बंद केल्या तर त्रास होतो.

भरती करावं लागलं तर बाळ हिरावून घेतील, या भीतीने काही जणी खरं सांगतच नाहीत. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ मध्ये स्पष्ट तरतूद आहे की उपचार घेणाऱ्या बाईपासून तिचं तीन वर्षांखालचं मूल सर्वसाधारणपणे वेगळं करायचं नाही. बाळाला धोका असेल तेव्हाच अपवाद, आणि तोही तात्पुरता. हे तिला सांगा.

औषधाइतकीच तिला झोप हवी आहे, आणि ती तुमच्या हातात आहे. रात्री सलग चार-पाच तास, रोज. दहाला पाजून ती झोपेल, मधलं एक पाजणं तिने आधी काढून ठेवलेल्या दुधावर तुम्ही किंवा मुलगा करेल, आणि बाळ दुसऱ्या खोलीत असेल, म्हणजे प्रत्येक कुरकुरीला ती दचकणार नाही. सुरुवातीला तिला झोप लागणार नाही, तरी पडून राहू द्या. मुलाशीही बोला. दहापैकी एखाद्या बापालाही या काळात नैराश्य येतं, आणि पुरुष ते कामात नाहीतर दारूत लपवतात. तो उशिरा घरी यायला लागलाय का, हे बघा.

वहीवाली बाई दर पंधरा दिवसांनी यायची. आधी वहीतल्या "श्वास ठीक"च्या ओळी कमी झाल्या. मग रात्रीचे रकाने रिकामे दिसू लागले, कारण ते पाजणं सासरे करत होते. तिसऱ्या महिन्यात एकदा ती वही आणायलाच विसरली. मी ते केसपेपरवर लिहून ठेवलं.

१४ आठवड्यांच्या लसीपर्यंत थांबू नका, त्याआधीच जा. जाताना बाळंतपणाची फाइल, डिस्चार्ज कार्ड, चालू गोळ्यांची पाकिटं, बाळाचे दोन जोड आणि पाण्याची बाटली घ्या, ओपीडीत वेळ लागतो. आत गेल्यावर बाळ तुमच्या कडेवर असू द्या, म्हणजे तिचे हात मोकळे राहतील. डॉक्टर म्हणाले, "आई, तुम्ही जरा बाहेर थांबा," तर वाईट वाटून न घेता थांबा. ती बाहेर आली की "काय म्हणाले?" लगेच विचारू नका, आधी चहा पाजा. आणि तुम्हालाही तुमच्या त्या वर्षाबद्दल कोणाशी बोलावंसं वाटलं, तर त्याच खिडकीवर तुमच्या नावाचा केसपेपर निघतो.